आज्ञाधारक चुंबक

लोहचुंबक हा मोठा हट्टी पदार्थ आहे. त्याला चिकटलेली टाचणी तो आपण होऊन कधी सोडीत नाही. ती बोटांनी ओढूनच काढावी लागते. खेळण्यापुरते हे ठीक. पण खंडीभर लोखंड उचलून हव्या त्या जागी टाकावयाचे असेल, तर असला हट्टी नोकर काय कामाचा? तेथे 'धर' म्हणताच धरणारा आणि 'सोड' म्हणताच सोडणारा चुंबक हवा. असा चुंबक सुमारे दोनशे वर्षांपासून माणसाच्या पदरी आहे. त्याला विद्युत्‌चुंबक म्हणतात.

त्याची कथा १८२० साली डेन्मार्क देशात सुरू होते. तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळच्या होकायंत्राची सूची आपली जागा सोडून फिरते आणि प्रवाह थांबताच परत येते, असे कोपनहेगन येथील प्राध्यापक ओर्स्टेड ह्यांच्या ध्यानात आले. तार लोखंडाची नसली तरी हे घडे. वीज आणि चुंबक ही तोवर दोन निराळी घराणी समजली जात. त्यांचे नाते ह्या लहानशा सूचीने उघड केले.

एका सरळ तारेभोवतीची ही शक्ती अगदी थोडी असते. पण तीच तार गुंडाळून तिचे वेटोळे केले, म्हणजे एका वेढ्याची शक्ती दुसऱ्याच्या शक्तीस मिळते आणि वेटोळ्याच्या पोटात सर्वांची बेरीज होते. त्या पोटात लोखंडाची कांब घातली, की बळ शेकडो पटींनी वाढू शकते. असे का व्हावे? लोखंडाचा तुकडा आतून असंख्य चिमुकल्या चुंबकांचा बनलेला असतो. एरवी त्यांची तोंडे जत्रेतील माणसांप्रमाणे दाही दिशांना असतात आणि एकाचे बळ दुसरा खाऊन टाकतो. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला, की कवायतीचा हुकूम सुटावा तशी ती एका दिशेस वळतात.

प्रवाह थांबल्यावर काय होते, हे मात्र लोखंडाच्या जातीवर अवलंबून असते. नरम लोखंडातील चिमुकले चुंबक लगेच पांगतात. पोलादातील चुंबक एकदा घेतलेली दिशा सहजासहजी सोडीत नाहीत. म्हणून आज्ञाधारक चुंबकाचा गाभा नरम लोखंडाचाच करावा लागतो.

पहिला उपयुक्त विद्युत्‌चुंबक विल्यम स्टर्जन ह्या इंग्रज गृहस्थाने केला. लहानपणी तो एका चांभाराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. पुढे तोफखान्यात शिपाई झाला आणि शास्त्रे स्वतःच्या बळावर शिकला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यासाठी जेथे अधिकारी तयार होत, त्या अ‍ॅडिसकम येथील लष्करी विद्यालयात त्याला अध्यापकाची जागाही मिळाली. १८२५ साली त्याने लोकांपुढे मांडलेला चुंबक घोड्याच्या नालेच्या आकाराचा होता. त्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम, तारेचे वेढे अवघे अठरा. तरी त्याने सुमारे ४ किलोग्रॅम वजन उचलून धरले.

अठराच वेढे का? स्टर्जनने लोखंडास रोगण दिले होते, पण तार उघडी होती. उघडे वेढे एकमेकांस टेकले तर वीज वळसा न घेता जवळच्या वाटेने निघून जाते. म्हणून वेढे दूर दूर घेणे त्यास भाग होते. ही अडचण अमेरिकेतील ऑल्बनी गावच्या जोसेफ हेन्री ह्या शिक्षकाने दूर केली. त्याने लोखंडाऐवजी तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले. आता वेढ्यास वेढा खेटून बसवावा, थरावर थर चढवावा, भीती नाही. युक्ती साधी, पण विद्युत्‌चुंबकाच्या इतिहासात तिच्याएवढे मोल क्वचितच दुसऱ्या कशास असेल. १८३१ साली हेन्रीच्या एका चुंबकाने ९०० किलोग्रॅमहून अधिक भार पेलला.

हेन्रीच्या हे देखील ध्यानात आले, की वेढे वाढवीत गेले तर तार लांबते, आणि लांब तार विजेस अधिक विरोध करते. एकाच घटास फार लांब तार जोडली तर प्रवाह मंदावतो. वेढ्यांनी मिळविलेले प्रवाहाच्या उणेपणात जाते. म्हणून त्याने एका लांब तारेऐवजी अनेक आखूड वेटोळी केली आणि प्रत्येकाची टोके घटास स्वतंत्रपणे जोडली.

तुम्हीही हे पडताळून पाहू शकता. एक लांब लोखंडी खिळा, रोगण दिलेली तांब्याची तार आणि विजेरीचा एक घट घ्या. तारेची टोके खरवडून २० वेढे द्या आणि किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजा. मग ४० वेढे द्या. टाचण्या वाढतील, पण दुपटीचा हिशेब नेमका जुळेलच असे नाही. खिळा व टाचण्या ह्यांमध्ये वहीचा एक कागद धरलात तरी ओढ कमी झालेली दिसेल. चुंबक अंतरास फार हळवा असतो. तार काही क्षणच जोडून ठेवा, कारण ती व घट दोन्ही तापतात. घरातील विजेच्या जोडणीस मात्र हा प्रयोग कधीही लावू नये. त्यात प्राणाशी गाठ आहे.

मग प्रवाह वाढवीत गेल्यास बळ अमर्याद वाढेल काय? नाही. लोखंडातील सारे चिमुकले चुंबक एकदा एका दिशेस वळले, म्हणजे लोखंडाजवळ देण्यासारखे काही उरत नाही. त्यापुढे प्रवाह वाढविला तर बळ थोडे वाढते, उष्णता फार वाढते.

ही अडचण ओलांडण्यास शास्त्रज्ञांनी निराळीच वाट धरली. काही मिश्रधातू अतिशय थंड केले, तर त्यांचा विजेस होणारा विरोध पार नाहीसा होतो. शरीराच्या आतील भागांचे चित्र घेणाऱ्या एमआरआय यंत्रांत बहुधा असल्या तारेची वेटोळी असतात. ती उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने थंड राखतात. त्यांना लोखंडाचा गाभा लागत नाही, आणि पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे तीस हजार पट शक्ती त्यांच्यात उत्पन्न होते. मात्र हा चुंबक घडोघडी बंद करता येत नाही. तपासणी संपली, दिवे मालवले, तरी तो जागाच असतो. २०१८ साली मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूची नळकांडी अशा खोलीत नेली गेली. यंत्राने ती माणसासकट खेचून घेतली आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणूनच त्या दाराशी किल्ल्या, नाणी, घड्याळ सारे बाहेर ठेवून घेतात.