टायरमध्ये ट्यूब बसविताना शंखजिऱ्याच्या पुडीचा उपयोग

टायरची बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांवर शेतमालाच्या वाहतुकीचा मोठा भार आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे या वाहनांना विसावा मिळत नाही. अशा वेळी भरल्या गाडीची ट्यूब वाटेत फुटली तर होणारे नुकसान केवळ ट्यूबच्या किमतीएवढे नसते. गाडी एका अंगास कलते, जुवाचा भार बैलांच्या मानेवर वेडावाकडा येतो आणि ऊस वाटेतच अडकून पडतो. तोडलेला ऊस जितका अधिक वेळ पडून राहील तितके त्याचे वजन घटते व साखरेचा उतारा कमी होतो.

ट्यूब निकामी झाली की काटा किंवा खिळा लागला असावा, असे सामान्यतः समजले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काढलेली ट्यूब नीट पाहिली असता काही वेळा काट्याची खूण कोठेच दिसत नाही. रबरास घडी पडलेली असते व त्या घडीवरच चीर गेलेली असते. असा दोष रस्त्याचा नसून ट्यूब बसविण्याच्या रीतीचा असतो. तो टाळण्याचा अल्प खर्चाचा उपाय म्हणजे शंखजिऱ्याची पूड.

पुडीची आवश्यकता का भासते?

टायर आणि ट्यूब यांची कामे निरनिराळी आहेत. गाडीचे ओझे व रस्त्याचा मार टायर सोसते. हवा धरून ठेवण्याचे काम ट्यूब करते. ट्यूबचे रबर पातळ व लवचिक असते आणि ते टायरच्या आतील बाजूस सर्वत्र सारखे टेकले तरच टिकते.

हवा भरू लागल्यावर ट्यूब फुगते, पण तिचे सर्व भाग एकाच वेळी टायरला टेकत नाहीत. जो भाग प्रथम टेकतो तो, रबरावर रबर घट्ट बसत असल्याने, तेथेच धरला जातो. पुढे येणारी हवा मग उरलेल्या भागालाच ताणीत राहते. त्यामुळे एके ठिकाणी रबर जाड व सुरकुतलेले राहते, तर दुसरीकडे ते ताणून पातळ होते. सुरकुती चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर दुमडते व उलगडते आणि अखेर तेथेच चिरते. पातळ झालेला भाग थोड्याशा कारणाने फुटतो.

दोहोंमध्ये शंखजिऱ्याचा पातळ थर असला म्हणजे ट्यूब टायरवरून सरकू शकते व हवेच्या दाबाने आपोआप सारखी पसरते. हा पुडीचा पहिला उपयोग होय. दुसरा उपयोग चाक चालू असताना होतो. ओझ्याखाली टायर दबते व पुन्हा फुगते. त्या वेळी टायर व ट्यूब एकमेकांवर किंचित घासतात. पुडीमुळे हे घर्षण व त्यातून उत्पन्न होणारी उष्णता कमी होते. तिसरा उपयोग ट्यूब काढताना कळून येतो. उन्हाने व चालण्याने तापलेली ट्यूब कालांतराने टायरला चिकटते व ओढताना फाटते. पूड लावलेली ट्यूब सहज सुटून येते.

शंखजिरेच का?

शंखजिरे हे मॅग्नेशियम व सिलिका यांचे पाणीयुक्त खनिज आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस यांच्या श्रेणीत त्याचा क्रमांक १, म्हणजे सर्वांत मऊ, असा आहे. त्याचे कण सूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि हे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात. म्हणूनच ही पूड बोटांना गुळगुळीत लागते. ती रबरास अपाय करीत नाही, उष्णतेने बिघडत नाही व पाणी सहसा शोषून घेत नाही. भारतात राजस्थानात हे खनिज मोठ्या प्रमाणावर निघते.

बाजारात याच पुडीस फ्रेंच चॉक असेही म्हणतात आणि त्या नावामुळे घोटाळा होतो. शाळेतील फळ्यावर लिहिण्याचा खडू हा निराळा पदार्थ आहे. त्याची पूड खरखरीत असून ती ओल धरते. ती ट्यूबसाठी वापरू नये. घरातील पीठही वापरू नये, कारण ओलीने त्याची खळ होते व ट्यूब उलट अधिक चिकटते. राखेत व मातीत बारीक खडे असतात; ते ट्यूबला कानशीप्रमाणे घासतात. तेल, ग्रीस, डिझेल व रॉकेल यांनी रबर फुगते व सैल पडते; म्हणून ट्यूब सरकावी या हेतूने त्यांचा हात कधीही लावू नये. अंगास लावावयाच्या पावडरींपैकी काही आता शंखजिऱ्याऐवजी मक्याच्या पिठाच्या केलेल्या असतात. तशी पावडर घेण्यापूर्वी डब्यावरील मजकूर वाचावा.

ट्यूब बसविण्याची रीत

१. बैल सोडून गाडीस भक्कम टेकू द्यावा व दुसऱ्या चाकास उटी लावावी. व्हॉल्व्हमधील सर्व हवा सोडल्याखेरीज टायरच्या कडेस पट्टी लावू नये.

२. टायरच्या आतील जुन्या पुडीच्या गुठळ्या, वाळू व माती झटकून काढावी. आतून कापडाचा बोळा सर्वत्र फिरवावा. बाभळीच्या काट्याचे टोक आत राहिले असल्यास कापड तेथे अडकते. उघड्या हाताने चाचपणे धोक्याचे आहे. हे टोक तसेच राहिल्यास नवी ट्यूबही टिकणार नाही.

३. रिमवरील गंज घासून काढावा. रिमवर पट्टा असल्यास तो फाटलेला किंवा सरकलेला नाही याची खात्री करावी.

४. ट्यूबमध्ये ती गोल होईल इतकीच हवा भरावी, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत आणि नंतर ती पूर्ण वाळवावी. ओल्या ट्यूबवर पूड टाकल्यास तिचा चिखल होतो.

५. पूड विरळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ट्यूबवर व टायरच्या आतील अंगास हलकेच आपटावी आणि हाताने सारखी पसरावी. रबरावर पांढुरकी झाक दिसली म्हणजे पुरे. टायर उभे करून ठोकावे व जास्तीची पूड झाडून टाकावी.

६. रिमवर बसणारी टायरची कड कापडाने स्वच्छ पुसावी. तेथे पूड राहिल्यास ओढीच्या वेळी टायर रिमवर सरकते, आपल्याबरोबर ट्यूबलाही ओढते व व्हॉल्व्ह बुडापासून तुटतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांत हा धोका विशेष असतो. कड सहज चढावी म्हणून तिला थोडे साबणाचे पाणी लावावे. ते वाळल्यावर कड पुन्हा घट्ट बसते.

७. किंचित फुगविलेली ट्यूब टायरमध्ये घालावी, व्हॉल्व्ह भोकातून सरळ काढावा आणि टायरची कड चढवावी. पट्टीचे टोक खोल घालू नये. त्याखाली ट्यूब चिमटली जाते.

८. कड रिमवर सर्व बाजूंनी सारखी बसेपर्यंत हवा भरावी. त्यानंतर सर्व हवा सोडून द्यावी व पुन्हा योग्य दाबापर्यंत भरावी.

शेवटची कृती अनेक ठिकाणी घाईमुळे गाळली जाते. वस्तुतः तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या वेळी जेथे ट्यूब अडकून ताणली गेली असेल, तेथील ताण हवा सोडताच मोकळा होतो. दुसऱ्या वेळी ट्यूब पुडीवरून सरकून आपल्या जागी सारखी बसते. पूड लावून ही कृती न केल्यास पुडीचा अर्धा लाभ वाया जातो.

कड बसत नाही म्हणून टायरवर नमूद केलेल्या मर्यादेपलीकडे हवा भरणे जिवावर बेतू शकते. तसेच निघणारी कडी असलेल्या रिमचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पूड उधळून वाऱ्यावर उडवू नये. काम मोकळ्या जागेत करावे व नाकातोंडास कापड बांधावे. शंखजिऱ्याची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे जाणे फुप्फुसांस अपायकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २०२४ साली शंखजिऱ्याची गणना बहुधा कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली आहे.

पुडीने काय साधत नाही?

पूड अधिक म्हणजे संरक्षण अधिक, ही समजूत चुकीची आहे. जास्तीची पूड तळाशी साठते, ओल लागल्यास तिच्या गुठळ्या होतात व त्या गुठळ्याच ट्यूबला घासतात. त्याचप्रमाणे पुडीने काटे थांबत नाहीत आणि कमी हवेचा दोषही झाकला जात नाही. वापरून वाढलेली जुनी ट्यूब टायरपेक्षा मोठी झालेली असते. तिला कितीही पूड लावली तरी घडी पडतेच. अशी ट्यूब बदलणेच हितावह होय. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये तर पुडीचे काहीच काम नाही. तेथे कडेवर पूड बसल्यास हवा गळू लागते.

पंक्चर काढताना पूड शत्रू ठरते. ठिगळ लावावयाची जागा पुसून, घासून व पूर्ण स्वच्छ करून मगच सोल्यूशन लावावे. अन्यथा ठिगळ रबरास न चिकटता पुडीला चिकटते. ठिगळ पक्के बसल्यावर मात्र भोवती उरलेल्या सोल्यूशनवर पूड अवश्य लावावी. नाहीतर ती जागा टायरला चिकटेल.

काढलेली ट्यूब काय सांगते?

टायर उघडल्यावर ट्यूब लगेच बाजूस न टाकता तिचे निरीक्षण करावे. लांब सुरकुती व तीवर चीर असल्यास ट्यूब मोठी होती किंवा हवा एकदाच भरली होती असे समजावे. शेजारी शेजारी दोन चिरा असल्यास कमी हवेमुळे दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली असावी. टायरमध्ये रबराचा काळा भुगा आढळल्यास चाक बराच काळ कमी हवेवर चालले आहे. व्हॉल्व्ह तिरपा झाला असल्यास टायर रिमवर सरकत आहे. तो तुटण्यापूर्वीच टायर उतरवून व्हॉल्व्ह सरळ करावा.

जादा ट्यूब जवळ बाळगणारांनी ती धुऊन, वाळवून, पूड लावून व सैल घडी घालून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. खिळ्यास टांगल्यास ती ताणते. विहिरीवरील मोटारघर ही त्यासाठी सोयीची पण अयोग्य जागा होय. विजेच्या मोटारीजवळ उत्पन्न होणाऱ्या ओझोन वायूने रबरास भेगा पडतात, शिवाय तेथे तेलाचा संपर्कही येतो.

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले; ते व्यवसायाने पशुवैद्य होते. त्या टायरची सोय पुढे बैलांच्या खांद्यापर्यंत येऊन पोहोचली, कारण टायरची गाडी ओढण्यास लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा हलकी जाते. हा हलकेपणा ट्यूबमधील हवेवर अवलंबून आहे. हंगामापूर्वी एक दिवस काढून सर्व चाके उघडून पाहावीत, टायर आतून स्वच्छ करावे, पुडीचा पातळ थर द्यावा आणि हवा दोनदा भरावी. एवढी दक्षता घेतल्यास ऐन हंगामात गाडी वाटेत अडकण्याचा प्रसंग पुष्कळ अंशी टळेल.