निळ्या हिऱ्याची वाट

इ. स. १६४५ च्या जानेवारींत टॅव्हर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्यास निघाला. औरंगाबाद मागें टाकल्यावर पुढल्या मुक्कामांत त्यानें ‘औबार’ असें एक नांव टिपून ठेविलें आहे. हें औबार म्हणजे जालना जिल्ह्यांतील अंबड होय, असें त्याच्या प्रवासवृत्ताच्या अभ्यासकांनीं ठरविलें आहे. इतर व्यापाऱ्यांस बैलांचे तांडे लागत. जवाहिऱ्याचा माल कमरेच्या कशांत मावतो.

ह्याच टॅव्हर्नियेनें हिंदुस्थानांतून एक निळा हिरा नेला. तो अंबडवरून गेला असें म्हणण्यास आधार नाहीं. आपण तो कोठें घेतला, हें त्यानें लिहिलेलेंच नाहीं. कृष्णाकांठच्या कोल्लूरच्या खाणींतून तो निघाला असावा, असें तज्ज्ञ मानतात. जुन्या मापानें वजन ११२ कॅरटांहून किंचित् अधिक. १६६८ सालीं तो चौदाव्या लुई राजानें घेतला व पुन्हां घासविला, तेव्हां ६७ कॅरट उरले. १७९२ च्या राज्यक्रांतींत तो चोरीस गेला. चोरीस वीस वर्षें होतांच लंडनमध्यें ४४ कॅरटांचा एक निळा हिरा प्रगट झाला. पुढें होप घराण्यामुळें त्यास ‘होप’ हें नांव पडलें. दोन्ही हिरे एकच, हा संशय जुनाच होता. २००७ सालीं पॅरिसच्या संग्रहालयांत राजाच्या हिऱ्याचा शिशाचा ठसा सांपडला, आणि होपचा आकार त्यांत बरोबर बसला.

हिरा म्हणजे कार्बन. शुद्ध असल्यास त्यास रंगच नसावा. नायट्रोजन मिसळला म्हणजे तो पिवळसर होतो. निळेपणा येतो बोरॉनमुळें, आणि तोही दहा लाख कार्बन-अणूंमागें एखाददुसऱ्या बोरॉन-अणूनें. प्रकाशांतील तांबडा भाग शोषला जातो व निळा मागें राहतो. इतर हिरे विजेस अडवितात. निळ्यांतून ती थोडीफार वाहते. मौज अशी कीं, बोरॉन हें भूपृष्ठाजवळचें द्रव्य. हिरे जेथें घडतात तेथें तें जवळजवळ नसतेंच. मग तें तेथें पोंचलें कसें? हे हिरे ६६० किलोमीटरांहूनही खोल घडले असावे, आणि समुद्रतळाचा खडक पृथ्वीच्या पोटांत सरकतांना बोरॉन बरोबर घेऊन गेला असावा, असें २०१८ सालच्या संशोधनानें सुचविलें. खाणींतल्या दहा हजार हिऱ्यांत निळे फार तर दोन.

आपल्याकडे निळ्या खड्याची धास्ती आहे खरी. पण ती शनीच्या नीलमाची, आणि नीलम हा हिरा नव्हे, अगदीं निराळा खनिज. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हिऱ्यांचे रंग सांगतांना तरवारीच्या पात्यासारख्या छटेचाही उल्लेख केला आहे. शापाची गोष्ट मात्र तेथें नाहीं. टॅव्हर्नियेनें मूर्तीचा डोळा उपटला व त्यास कुत्र्यांनीं फाडलें, ही कथा विसाव्या शतकाच्या आरंभीं पश्चिमेकडील वृत्तपत्रांनीं फैलावली. प्रत्यक्षांत तो ऐंशी उलटल्यावर, १६८९ सालीं मॉस्कोंत वारला.

होप आज ४५.५२ कॅरटांचा आहे, म्हणजे पुरता तोळाही नाहीं. अतिनील किरणांत धरून अंधारांत नेला कीं तो कांहीं वेळ निखाऱ्यासारखा तांबडा दिसतो. १९५८ सालीं हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानें तो वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयास दिला, आणि न्यूयॉर्कहून चक्क रजिस्टर टपालानें धाडला. टपालहशील २ डॉलर ४४ सेंट. विम्याचे पैसे वेगळे.