टाकी गेली, तेल राहिलं

न्यू जर्सीत जुनं घर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबांचे मला फोन येतात. त्यांत एक प्रश्न हमखास असतो: "ताई, टाकी काढल्याचा कागद आहे मालकाकडे. मग आता तपासायचं काय राहिलं?"

माती आणि पाणी, असं मी सांगते. टाकी उचलल्याची पावती फार तर लोखंड भंगारात गेल्याचा पुरावा. खड्ड्यातली माती प्रयोगशाळेत गेली का, नमुने नेमके कुठून घेतले आणि 'पुढील कारवाईची गरज नाही' असं राज्याच्या पर्यावरण खात्याचं पत्र आहे का, हे मागा. तेही करारावर सही करण्याआधी. इथला गळतीचा कायदा चूक कोणाची हे फारसं विचारत नाही. खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

पुण्यात भूशास्त्र शिकून इकडे आले आणि याच कामाला लागले. इथल्या अनेक जुन्या घरांत गॅसची जोडणी नव्हती. हिवाळ्यात घर तापवायला डिझेलसारखं तेल जाळायचे आणि त्यासाठी अंगणात पोलादी टाकी पुरलेली असायची. ५५० गॅलनची, म्हणजे दोन हजार लिटरच्या आसपासची, नेहमी भेटते. पुढे गॅस आला आणि टाकी मातीखाली गंजत राहिली. पेट्रोल पंपांचंही तेच झालं, फक्त टाक्या मोठ्या. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पंपांसाठी कायदा केला. जुन्या टाक्या सुधारा, बदला नाहीतर बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत होती. आजवर देशात पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. घरगुती टाक्या मात्र त्या कायद्याबाहेर, त्यांचं राज्य बघतं.

तपासाची सुरुवात कागदांपासून होते. सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे मला कादंबरीपेक्षा जास्त आवडतात. त्यांत पेट्रोलची टाकी चिमुकल्या वर्तुळाने दाखवलेली असते. आज जिथे दातांचा दवाखाना आहे तिथे कधीकाळी पंप होता, हे असं कळतं. मग प्रत्यक्ष जागेवर जायचं. तळघराच्या भिंतीतून डोकावणारी कापलेली तांब्याची नळी, भिंतीलगत उभा हवेचा पाइप, या खुणा. मॅग्नेटोमीटर लोखंड दाखवतो, जमिनीत लहरी सोडणारा रडार आकार दाखवतो. चिकणमातीत मात्र रडार आंधळा होतो.

त्यानंतर ड्रिलिंग. पारदर्शक नळीत मातीचा उभा गाभा वर येतो आणि टेबलावर आडवा ठेवून चिरला जातो. इथली माती शेल खडकाची, लालसर. तेल पोचलं असेल तिथे तिचा रंग राखाडी-हिरवट होतो, कारण तेल खाणारे जिवाणू प्राणवायू संपल्यावर मातीतलं लोह वापरतात. नवी मुलं माती हुंगायला जातात. मी त्यांना दटावते; पेट्रोलमधल्या बेन्झीनने कर्करोग होतो. हुंगायचं काम पीआयडी नावाच्या हातातल्या यंत्राचं. पेट्रोलची वाफ लागली की त्याचा आकडा उसळतो. तापवायच्या तेलाला तो तेवढा उसळत नाही, म्हणून लहान आकडा पाहून कोणी सुटकेचा श्वास टाकू नये. खरा निकाल प्रयोगशाळेचा.

माती एका जागी सापडते, पाणी मात्र चालत असतं. ते कुठल्या दिशेने चालतंय हे शोधण्यात आमचा निम्मा जीव जातो. त्यासाठी कमीत कमी तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्याही त्रिकोणात. प्रत्येकीतली पाण्याची पातळी अगदी बारकाईने मोजली की उतार कळतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं. विहिरीच्या पाइपाची जाळी पातळीच्या खाली-वर दोन्हीकडे नसेल तर तो थर हुकतो. पातळी ऋतूप्रमाणे खालीवर होते आणि पातेल्याच्या कडेला साय चिकटावी तसं तेल मातीला चिकटत जातं.

खडक लागला की त्रिकोणाचं गणितही डगमगतं. शेलमध्ये पाणी भेगांतून जातं, आणि भेगा उताराची पर्वा करतीलच असं नाही. इथल्या वॉचुंग टेकड्या तर बेसाल्टच्या, आपल्या दख्खनच्या कातळापेक्षा कितीतरी जुन्या. पण स्वभाव तोच. गावात एका विहिरीला पाणी आणि पन्नास फुटांवरची कोरडी, हे ज्याने पाहिलंय त्याला मला जास्त समजवावं लागत नाही.

किती तेलाने किती बिघडतं? इथल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन सरासरी ०.६२ टक्के आणि पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.००५ मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर एका लिटर पेट्रोलने दहा लाख लिटर पाणी मर्यादेवर पोचतं. एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळायचे ते रसायन त्याहून दांडगं. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला धरत नाही, लांब पळतं. त्यापायी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराचा निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गेला.

लोकांना खणून माती ट्रकने नेली की समाधान वाटतं. टाकीलगतची तेलात भिजलेली माती काढावीच, पण त्यापुढचं पुष्कळसं खणणं म्हणजे आपली घाण दुसऱ्या गावाला पोचवणं, असं माझं मत. १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळत्या तपासल्या. बहुतेक ठिकाणी पाण्यातलं बेन्झीन टाकीपासून ऐंशी मीटरच्या आतच संपलं होतं. जिवाणूंनी ते खाल्लं. मात्र याचा अर्थ हात झटकून मोकळं व्हायचं असा नव्हे. वर्षानुवर्षं त्याच विहिरींतून नमुने घेऊन आकडा खरंच उतरतोय हे दाखवावं लागतं. जवळ कोणाची पिण्याची विहीर असेल तर जिवाणूंवर विसंबून थांबण्याचा प्रश्नच नाही.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२५ मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे वेगळे नियम आले. महाराष्ट्रात कोणी जुन्या पंपाची जागा तपासायला घेणार असेल तर माझा आग्रह राहील की कातळात तीन विहिरींवर भागवू नये, आणि पातळी मे महिन्यात एकदा व पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजावी. त्या दोन आकड्यांत कित्येक फुटांचं अंतर पडतं, आणि तेल शोधायचं ते त्या सगळ्या उंचीभर.