पोटगी महिन्याची, फी जूनची

मुलाच्या पोटगीचा आकडा ठरला, न्यायालयात नोंदला गेला, की विभक्त झालेले आईवडील एक विषय संपला असं मानतात. मग जून उजाडतो. शाळेची फी, गणवेश, दप्तर, बसचे पैसे आणि क्लासचा पहिला हप्ता एकदमच दारात उभे राहतात. पुढे कधी चष्मा लागतो, कधी दातांना तारा बसवायची वेळ येते, दहावी झाली की प्रवेश परीक्षेचा क्लास लागतो. दरमहाच्या रकमेत दूध, किराणा, रिक्षाभाडं कसंबसं बसतं. हे खर्च बसत नाहीत. मिटलेलं भांडण नव्याने उकरलं जातं ते इथे. म्हणून पोटगीइतक्याच काटेकोरपणे या वरखर्चाची वाटणीही आधीच कागदावर यायला हवी, आणि ती निम्मीनिम्मी नव्हे, तर दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात हवी.

कायदा याच्या आड येत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा. त्यातल्या निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवाऱ्याबरोबर शिक्षण आणि औषधोपचारही आहेत, आणि मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई व वडील या दोघांवर आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं: मुलांच्या निर्वाहाची रक्कम ठरवताना क्लास आणि पूरक प्रशिक्षणाचा खर्चही धरावा, मात्र तो वाजवी असावा, उधळपट्टीचा नसावा. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा. आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी तो प्रमाणात वाटून घ्यावा. याच निकालाने दोन्ही पक्षांना मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं भाग पाडलं. म्हणजे पोटगीचा दावा लढवला गेला असेल, तर प्रमाण काढायला लागणारे आकडे बहुधा फाइलीतच असतात.

‘दोघंही कमावतात, मग अर्धा अर्धा करा’ हा तोडगा ऐकायला न्याय्य वाटतो. हिशेब मांडून पाहू. समजा, वडिलांची मिळकत महिना ६० हजार, आईची ३० हजार आणि दातांच्या उपचाराचं बिल ४५ हजारांचं. अर्ध्या वाटणीत प्रत्येकी साडेबावीस हजार येतात. आईच्या पगाराचा पाऊण हिस्सा त्यात जातो, वडिलांच्या पगाराचा निम्मा हिस्साही जात नाही. दोनास एक या प्रमाणात वडिलांचे ३० आणि आईचे १५ हजार होतात, म्हणजे दोघांच्याही खिशाला सारखीच झळ बसते. पद्मजा शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच प्रमाण लावलं होतं, कारण आईचा पगार वडिलांच्या साधारण निम्मा होता. शिवाय मूल ज्याच्याकडे राहतं त्याची तापातली जागरणं आणि शाळेतल्या सभांसाठी घेतलेल्या रजा कोणत्याच बिलात येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की दरमहा पैसे देऊनही पुन्हा मागणी का? एकाच खर्चाचे पैसे दोनदा मोजावे लागतील ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच यादी हवी. पोटगीत काय धरलं आहे आणि वरखर्चात काय येतं, हे नावानिशी लिहिलं की संशयाला जागा उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: निर्णय तिकडे होणार आणि मी फक्त पैसे भरणार का? हेही रास्त आहे. ठरावीक रकमेपुढचा खर्च आधी विचारून करावा, सात दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार धरावा, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर ही अट लागू नये, असं कलम घालता येतं. पैसे ‘तिच्या’ किंवा ‘त्याच्या’ हाती पडू नयेत असं वाटत असेल, तर फी थेट शाळेच्या खात्यात भरावी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात खर्च करणाऱ्याने ३० दिवसांत तपशीलवार हिशेब द्यायचा आणि दुसऱ्याने आपला वाटा वेळेत चुकता करायचा, असा नियमच आहे. आपल्याकडेही बिलाचा फोटो आणि यूपीआयची नोंद ठेवणं अवघड नाही.

तिसरा आक्षेप असा, की पुढचं आत्ता कोणी सांगावं? पण रक्कम सांगता आली नाही, तरी प्रमाण आणि पद्धत सांगता येते. मिळकत बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खाली आदेश बदलून मागता येतो. एक गोष्ट मात्र आत्ताच दिसते. मुलाचा निर्वाहाचा हक्क साधारणपणे अठराव्या वर्षी संपतो. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला १९५६चा कायदा त्यानंतरही संरक्षण देतो. अठरावं वर्ष म्हणजे बारावीचा उंबरठा, म्हणजे सगळ्यात मोठी फी अजून भरायचीच असते. तेव्हा परस्परसंमतीच्या अटींवर सही करण्याआधी त्यात चार ओळी वाढवून घ्या: वरखर्चाची यादी, वाटणीचं प्रमाण, विचारण्याची व पैसे चुकते करण्याची मुदत, आणि पदवीपर्यंतची जबाबदारी. वकिलाने आपणहून सुचवलं नाही, तर तुम्ही मागा.