जुन्या गाडीला कुठलं ऑईल? बंदीच्या सुट्टीआधी वाचा



1 जूनला बंदी लागली की होड्या वर ओढल्या जातात आणि आपल्या पिकअप, टेम्पोही माडाखाली ताडपत्री घालून उभ्या राहतात. मग जुलैअखेर सगळ्यांचा एकच प्रश्न: सर्व्हिसिंगला साधं ऑईल घालू की सिंथेटिक? दुकानदार म्हणतो सिंथेटिक घ्या, इंजिन नव्यासारखं होईल. मेस्त्री म्हणतो जुन्या इंजिनाला ते सोसत नाही. दोघांचंही अर्धंच खरं आहे. हे आम्हाला पैसे मोजून कळलं.

आपल्या संस्थेची बर्फ-मासळीची पिकअप 2008 सालची. मीटर तीन लाखांच्या पुढे. मागच्या हंगामात आम्ही तिला हौसेनं पूर्ण सिंथेटिक 5डब्ल्यू-30 घातलं. पंधरा दिवस आवाज खरंच गोड झाला. मग गाडी उभी राहील तिथं खाली काळे थेंब दिसू लागले. आम्ही म्हटलं, जुनी गाडी, थोडं गळणारच. एका पहाटे शापोऱ्याहून म्हापशाला जाताना चढावर ऑईलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हर शहाणा, त्यानं लगेच इंजिन बंद केलं. डिपस्टिक काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! पाठीमागे बांगडा, बर्फ वितळतोय. एका सभासदाचा टेम्पो बोलावून क्रेट हलवले तेव्हा मासळी बाजाराला लागली. आणखी दोन किलोमीटर रेटलं असतं तर बेअरिंग गेलं असतं आणि हंगामाची कमाई इंजिनात गेली असती.

दोष सिंथेटिकचा होता का? पुरता नाही. क्रँकचं मागचं सील आधीच कडक झालेलं होतं, जुन्या गाळानं ते कसंबसं धरून ठेवलं होतं. नव्या ऑईलनं गाळ धुतला, त्यात ते पातळ. वाट मोकळी झाली. अगदी सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिक तेलांनी काही सीलं आकसायची, तिथूनच ‘सिंथेटिक म्हणजे गळती’ ही समजूत आली. आताच्या तेलात ती खोड राहिलेली नाही. सील धड असेल तर ते गळवत नाही, फाटकं असेल तर झाकतही नाही.

आमची खरी चूक आकड्यात होती. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज फिरतं ते सांगतो. 15डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे 20 अंशांवर होते, 5डब्ल्यूची उणे 30 वर. आता सांगा, आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही स्वेटर घालायची वेळ क्वचित येते, तिथं हिमातल्या तेलाचे पैसे कशाला? नंतरचा आकडा गरम इंजिनातला दाटपणा. झिजलेल्या डिझेल इंजिनाला तिथं 30 पेक्षा 40 बरा. म्हणून पुस्तिकेत 15डब्ल्यू-40 लिहिलं असेल तर तेच घाला, आणि डब्यावर एपीआयची अक्षरं बघा. डिझेलला ‘सी’ नं सुरू होणारी. पुस्तिकेत सीएफ-4 असेल तर सीआय-4 चालतं, उलटं नाही.

सिंथेटिकचा खरा फायदा उष्णतेत आहे. टर्बोवाली गाडी, भरलेला माल, लांबचा घाट, तिथं ते लवकर करपत नाही. आपल्या एका सभासदाची टर्बो पिकअप बेळगावपर्यंत जाते, तो सिंथेटिकच घालतो आणि बरोबर करतो. पण जेटी ते बाजार दहा-बारा किलोमीटर, त्यात रांगेत इंजिन चालू ठेवून अर्धा तास उभं राहणं, अशा गाडीत ऑईल उष्णतेनं नव्हे, काजळीनं आणि मिसळलेल्या डिझेलनं खराब होतं. ते सिंथेटिकमध्येही तितकंच मिसळतं. म्हणजे ‘महाग घातलं, आता दुप्पट चालवू’ हा हिशेब चुकतो. आणि तेल पिणाऱ्या इंजिनात दुप्पट-तिप्पट भावाचं ऑईल म्हणजे सायलेन्सरमधून नोटा उडवणं.

(जाता जाता: चार दिवसांत ऑईल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. दुधाळ दिसलं मात्र, तर पाणी शिरलंय, गाडी तशीच मेस्त्रीकडे.)

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. आपण ऑईल बदलतो जुलैअखेर. खरं तर ते मेअखेर बदलायला हवं. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल साठलेली असते, ती दोन महिने बेअरिंगवर बसून राहते. तेव्हा उभी करण्याआधी ताजं भरा. आम्ही सील बदललं, साधं 15डब्ल्यू-40 भरलं, आणि दर सोमवारी ड्रायव्हर डिपस्टिक बघून वहीत लिहितो.

स्कूटरचं टू-टी ऑईल ओबीएमला घालणाऱ्यांनी थांबावं. तिथं टीसी-डब्ल्यू 3 च लागतं.

काढलेलं ऑईल खाडीत ओतू नका. संस्थेच्या शेडमध्ये ड्रम ठेवलाय, त्यात आणून टाका. 31 मेपर्यंत शेड सकाळी उघडी आहे.