हरताळ, प्रत आणि बाह्य डिस्क : फाइल काढून टाकताना येणाऱ्या इशाऱ्यांचे वाचन

१. प्रास्ताविक

हस्तलिखित पोथीत एखादे अक्षर चुकले, तर लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि लेप वाळला की त्याच जागी शुद्ध अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या व्यवहारातून मराठीत रुळला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला मात्र हे ठाऊक असते की, लेपाखालचे अक्षर पुष्कळदा नाहीसे झालेले नसते; ते केवळ रद्द ठरविलेले असते. संगणकाच्या डिस्कवरून फाइल काढून टाकण्याची क्रिया तत्त्वतः याच जातीची आहे. फरक असा की, लेप देण्यापूर्वी येथे साधन स्वतः प्रश्न विचारते. हा प्रश्न म्हणजेच पडद्यावर उमटणारा इशारा होय. तो वाचण्यापूर्वीच ‘येस’ची कळ दाबण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि संशोधनसाहित्याच्या बाबतीत ती घातक आहे. निरनिराळे इशारे निरनिराळ्या गोष्टी सांगतात. त्यांचा अर्थ, कारण आणि उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. साहित्याचा प्रवास

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि असे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात जमा होऊ लागले. तथापि, प्रबंध सिद्ध होईपर्यंत जमणारे साहित्य, म्हणजे पोथ्यांची छायाचित्रे, जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, जुन्या नियतकालिकांच्या प्रतिमा, प्रकरणांचे कच्चे खर्डे, हे कोणत्याही भांडारात जात नाही. ते संशोधकाच्या एका बाह्य डिस्कवर राहते आणि त्या डिस्कबरोबर फिरत असते.

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्गाला पुण्याकडे जाणारा रस्ता मिळतो. या परिसरात राहणाऱ्या संशोधकाची डिस्क अशीच अनेक वाटांवर असते. घरचा संगणक, महाविद्यालयातील विभागाचा संगणक, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात घेतलेल्या टिपणांचा लॅपटॉप, अक्षरजुळणी करणाऱ्याचे यंत्र आणि शेवटी पुण्याचे विद्यापीठ, अशा पाच ठिकाणी ती जोडली जाते. प्रत्येक यंत्राची वापरकर्त्यांची नोंद वेगळी, क्वचित कार्यप्रणालीही वेगळी. बाह्य डिस्कवर येणाऱ्या इशाऱ्यांचे मूळ बहुधा या भ्रमंतीत असते. डिस्क जागा भरल्याचे सांगू लागते, संशोधक ‘जुने’ काढावयास बसतो, आणि नेमक्या याच वेळी हे इशारे समोर येतात.

३. ‘डिलीट’ म्हणजे काय?

डिस्कवर दोन गोष्टी असतात : प्रत्यक्ष मजकूर आणि तो कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका. फाइल डिलीट केली असता सामान्यतः अनुक्रमणिकेतील नोंदीवर ‘रद्द’ अशी खूण होते आणि ती जागा नव्या मजकुरासाठी मोकळी समजली जाते. ‘फॅट’ या जुन्या रचनेत तर फाइलच्या नोंदीतील पहिले अक्षर बदलूनच ही खूण केली जाते. नवा मजकूर त्या जागेवर लिहिला जाईपर्यंत जुना तेथेच असतो, हरताळाखालच्या अक्षरासारखा.

रिसायकल बिन ही याच्या अलीकडची पायरी होय. तेथे फाइल रद्द होत नाही, केवळ स्थलांतरित होते. विंडोज प्रणालीत बाह्य हार्ड डिस्कला तिचे स्वतःचे, दृष्टीआड ठेवलेले बिन असते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांना सामान्यतः ते नसते. यातून दोन परिणाम संभवतात. हार्ड डिस्कवरून फाइल काढली तरी बिन रिकामे करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. आणि पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल बिनमध्ये शोधून सापडत नाही. मॅकमध्येही बाह्य डिस्कवरील काढलेल्या फाइली त्या डिस्कवरच्याच अदृश्य फोल्डरात ट्रॅश रिकामा होईतो पडून असतात.

४. इशाऱ्यांचे प्रकार

(अ) परतीचा मार्ग नसल्याचा इशारा. ‘पर्मनंटली डिलीट’ हे शब्द आले की फाइल बिनमध्ये जाणार नाही, असे समजावे. माध्यमाला बिन नसणे, फाइल बिनच्या क्षमतेहून मोठी असणे किंवा शिफ्टची कळ दाबून डिलीट करणे, ही त्याची तीन नेहमीची कारणे. येथे काहीही बिघडलेले नाही. म्हणून दुरुस्त करण्यासारखेही काही नाही. दुसरी प्रत आहे काय, एवढाच प्रश्न आहे. ध्वनिमुद्रण आणि पोथ्यांच्या मोठ्या प्रतिमा या आकारमानामुळे बिनमध्ये न मावण्याचा संभव अधिक. म्हणजे जे पुन्हा मिळविणे सर्वांत कठीण, तेच परतीच्या मार्गावाचून जाते.

(आ) बिन बिघडल्याचा इशारा. डिस्कवरील रिसायकल बिन ‘करप्टेड’ असून ते रिकामे करावे काय, असा प्रश्न येतो. सुरक्षितपणे बाहेर न काढता डिस्क ओढून घेतल्याने असे होऊ शकते. प्रश्नाचा रोख दुरुस्तीचा वाटतो, परंतु होकार म्हणजे बिनमधील सर्व फाइलींचा निरोप. त्यांतील काही हवे असेल तर आधी नकार द्यावा आणि ते परत मिळविण्याचा प्रयत्न करावा. काहीच नको असेल तर होकारास हरकत नाही. बिन पुन्हा आपोआप तयार होते.

(इ) वापरात असल्याचा इशारा. ‘फाइल इन यूज’ याचा अर्थ एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरली आहे. शब्दलेखनाचा प्रोग्राम, प्रतिमांची लघुचित्रे तयार करणारी खिडकी किंवा विषाणूशोधक, यांपैकी कोणीही धारक असू शकतो. प्रोग्राम बंद करावेत, थोडे थांबावे. तरीही न जमल्यास संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा. रागाने केबल ओढणे हा उपाय नव्हे. प्रकार (आ) आणि (ऊ) यांची ती पूर्वतयारी होय.

(ई) अधिकाराचा इशारा. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ किंवा अमुकाची परवानगी हवी, असे सांगितले जाते. ‘एनटीएफएस’ रचनेच्या डिस्कवर प्रत्येक फाइलच्या मालकाची नोंद असते, आणि ती नावाने नव्हे तर एका ओळख-क्रमांकाने. विभागाच्या संगणकावर तयार झालेल्या फाइलचा मालक घरच्या संगणकाला अनोळखी ठरतो. विंडोज नव्याने बसविल्यावर आपलीच जुनी फाइल परक्याची होते. प्रशासकाच्या खात्यातून फाइलच्या गुणधर्मांत जाऊन मालकी स्वतःकडे घेता येते. मात्र डिस्क अनेकांची असेल, तर ‘परवानगी नाही’ हे उत्तर योग्यही असू शकते, याचा विचार आधी व्हावा. मॅकवर चित्र वेगळे दिसते. तो एनटीएफएस डिस्क वाचतो, परंतु स्वतःहून तीवर लिहीत नाही. त्यामुळे तेथे काहीच काढता येत नाही. हा डिस्कचा दोष नव्हे.

(उ) लेखनबंदीचा इशारा. ‘राइट प्रोटेक्टेड’ असा शेरा आल्यास प्रथम मेमरी कार्डाच्या कडेचे बारीक बटन पाहावे. ते सरकले की कार्ड केवळ वाचता येते. बटन नसताना किंवा योग्य जागी असतानाही हा शेरा आला, तर डिस्कवर ‘केवळ वाचन’ अशी खूण लागली असेल. याहून गंभीर शक्यता अशी की, काही पेन ड्राइव्ह आणि कार्डे निकामी होऊ लागली की लेखन नाकारतात आणि वाचन तेवढे शिल्लक ठेवतात. अशा वेळी हा इशारा नसून अंतिम मुदतीची सूचना समजावी आणि डिलीटचा नाद सोडून सर्व मजकूर तत्काळ अन्यत्र उतरवावा.

(ऊ) न वाचता येण्याचा इशारा. फाइल किंवा फोल्डर ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ आहे, असे सांगितले जाते. अनुक्रमणिकाच बिघडल्याचे हे लक्षण. ‘चेक डिस्क’ हे साधन ती सुधारते. परंतु सुधारणे म्हणजे डिस्कवर लिहिणे, हे विसरता कामा नये. जीर्ण पोथी शिवण्यापूर्वी तिची नक्कल करून घ्यावी, तसे वाचता येईल तेवढे आधी उतरवून घ्यावे. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल तर कोणतेही साधन चालवू नये. ते काम तज्ज्ञाचे.

५. लिपीचा प्रश्न

मराठीच्या अभ्यासकाला आणखी तीन प्रसंग विशेष जाणवतात. पहिला प्रसंग नावांच्या लांबीचा. विंडोजमध्ये फाइलच्या संपूर्ण मार्गाची पारंपरिक मर्यादा २६० चिन्हांची आहे. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात डोळ्याला चार अक्षरे दिसतात. संगणक मात्र व्यंजने, हलन्त आणि स्वरचिन्हे वेगवेगळी मोजून अकरा चिन्हे धरतो. फोल्डरात फोल्डर ठेवून प्रत्येकाला सविस्तर देवनागरी नाव दिले की मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि फाइल दिसत असूनही ‘सापडत नाही’ असा इशारा येतो. वरच्या फोल्डरांची नावे लहान केली की अडचण दूर होते.

दुसरा प्रसंग ‘डिस्क फॉरमॅट करावी काय?’ या प्रश्नाचा. मॅकच्या रचनेची डिस्क विंडोजला जोडली असता हा प्रश्न येऊ शकतो. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथी अनभिज्ञ वाचकाला निरर्थक वाटावी, तसे हे आहे. पोथी कोरी नसते, वाचकाला लिपी येत नसते. येथे नकार देऊन ती डिस्क मूळ यंत्रावर जोडून पाहावी. ‘शॉर्टकट’ निर्माण करणाऱ्या विषाणूच्या बाबतीतही असेच. मूळ फोल्डर दडविलेले असतात, पुसलेले नसतात. म्हणून घाईने फॉरमॅट करू नये.

तिसरा प्रसंग असा की, त्यात अनेकदा नेहमीच्या प्रश्नापलीकडे कोणतीही सूचना येत नाही. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींत जुळविलेला मजकूर त्या त्या फाँटविना अगम्य चिन्हांची रांग होऊन उरतो. जागा करण्यासाठी ‘फाँट्स’ नावाचा जुना फोल्डर काढला की प्रबंध डिस्कवर राहतो आणि वाचनीयता जाते. ही किल्ली मजकुराइतकीच जपावयाची आहे.

६. चुकून होकार दिल्यास

प्रथम बिन पाहावे. तेथे फाइल नसेल तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये, नवी फाइल नाही, नवा प्रोग्रामही नाही. कारण प्रत्येक लेखन हरताळावरचे नवे अक्षर ठरू शकते. फाइल परत मिळविणारे साधन दुसऱ्या संगणकावर बसवावे आणि सापडलेला मजकूर दुसऱ्याच डिस्कवर उतरवावा. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये यश येण्याचा संभव बराच असतो. एसएसडी प्रकारात ‘ट्रिम’ या आज्ञेने मोकळी ठरलेली जागा आतून पुसली जाते. ही आज्ञा जेथे लागू असते तेथे आशा फार थोडी. लेपाखालचे अक्षर वाचण्याची सोय नव्या माध्यमात अशी क्षीण होत चालली आहे, ही लक्षणीय बाब होय.

७. समारोप

म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्रात गेली आणि पंथीयांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, अशी महानुभाव परंपरा सांगते. त्यातून उद्भवलेले पाठभेद अभ्यासकांना आजही सोडवावे लागतात. तेथे निदान मजकूर मुखोद्गत असलेली माणसे होती. चारशे पानांच्या बाडाची छायाचित्रे किंवा आता हयात नसलेल्या ओवीगायिकेचा आवाज कोणाच्याही स्मरणातून परत आणता येणार नाही.

म्हणून सर्व इशाऱ्यांचा निष्कर्ष एकच : उत्तर देण्यापूर्वी प्रतींची संख्या मोजावी. किमान दोन वेगळ्या माध्यमांवर प्रत असावी, तिसरी वेगळ्या ठिकाणी. गोदावरीने १९६९, २००८ आणि २०१६ मध्ये नाशिकला दाखविलेले पूर ‘वेगळ्या ठिकाणी’ या शब्दांचे महत्त्व पुरेसे स्पष्ट करतात. आणि प्रत आहे असे म्हणण्यापूर्वी ती उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही केवळ प्रतीची नोंद असते.