भिंतीआडचा खर्च : रुग्णालयातील संगणक-जाळ्याच्या केबलची आखणी

नूतनीकरण झालेल्या विभागांची पाहणी करताना काही देणगीदारांनी एक प्रश्न आवर्जून विचारला : बिनतारी जोडणी सर्वत्र उपलब्ध असताना भिंतींतून एवढ्या केबल कशासाठी? प्रश्न रास्त आहे. हा खर्च गिलाव्याआड जातो, त्यावर नामफलकही लावता येत नाही; म्हणून त्याचा खुलासा या अहवालात करणे मला अगत्याचे वाटते.

क्ष-किरण कक्षाच्या भिंतींना शिशाचे अस्तर असते. बिनतारी लहरी ते सहजी ओलांडत नाहीत. सीटी स्कॅनच्या एका तपासणीत शेकडो प्रतिमा असतात आणि त्या अतिदक्षता विभागातील डॉक्टरांसमोर विनाविलंब याव्या लागतात. शिवाय छतावरील वाय-फायचा संचही अखेर केबललाच जोडलेला असतो.

आखणीचा आरंभ रॅकच्या जागेपासून होतो. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील पक्क्या केबलसाठी व १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या जोडतारांसाठी. हे अंतर नकाशावरील सरळ रेषेत नव्हे, तर तुळईला वळसा घालून केबल जशी जाते तसे मोजावयाचे. म्हणून रॅक मजल्याच्या मध्याशी आणि शक्यतो एकाखाली एक असावेत. रिकामी आहे म्हणून स्वच्छतागृहाखालची एक खोली सुचविण्यात आली होती. ती आम्ही नाकारली. मुख्य इमारत व निदान विभाग यांच्यामध्ये मात्र काचतंतूची केबल टाकली. ती विजेची वाहक नसल्याने पावसाळ्यात वीज पडल्यास एका इमारतीतील उपद्रव दुसरीत पोहोचत नाही.

पूर्वीच्या कामात विजेच्या तारा व नेटवर्क केबल एकाच पाइपातून नेल्या होत्या. त्यामुळे प्रयोगशाळेची जोडणी अधूनमधून तुटे, आणि अहवाल हाती घेऊन परिचारिकांना जिने चढावे लागत. आता दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. जेथे छेद अटळ, तेथे तो काटकोनात. पाइप सुमारे ४० टक्केच भरले असून आत ओढदोरी ठेवली आहे. शस्त्रक्रियागृहाची भिंत पुन्हा फोडणे म्हणजे धूळ, जंतुसंसर्गाची धास्ती आणि लांबणीवर पडलेल्या शस्त्रक्रिया. म्हणून जेथे आज एक जोडणी पुरते, तेथे दोन केबल नेल्या.

आता एक कबुली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, अशी माझीच शिफारस होती. आमच्या विद्युत पर्यवेक्षकांनी त्या नमुन्याची तार पात्याने खरवडून दाखविली, तेव्हा तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम निघाले. अशी तार ठिसूळ असते, तिचा विद्युतरोध अधिक असतो, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीज पुरविल्यास ती अधिक तापते. विश्वस्त मंडळाने शुद्ध तांब्याची, कॅट ६ प्रतीची केबल वाढीव दराने मंजूर केली. देयक अदा करण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचा यंत्राने घेतलेला चाचणी-अहवाल मागविला. अनुत्तीर्ण जोडण्या कंत्राटदाराने स्वखर्चाने बदलून दिल्या. थोडी कुरकुर झाली, ती ऐकून घेतली.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस क्रमांक असून त्यांची नोंदवही व नकाशा कार्यालयात आणि देखभाल विभागात ठेवला आहे. बालरुग्ण विभागाचे काम अद्याप बाकी आहे. खाटा रिकाम्या होतील तसतसे, एकेक खोली घेऊन ते पूर्ण करण्यात येईल.